दोन बोटांचा प्ले

गाडीखालून इनास परेराचा आवाज आला,
किती प्ले आहे, बघा तरी.
मी चाक हलवलं. म्हणजे हातातलं.
दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे,
आणि खालच्या चाकांना
कुणी बोलावतंय याचा पत्ताच नाही.

बासष्ट सालची फियाट.
वागळे इस्टेट, शेजारी पावडर कोटिंगची भट्टी,
तिच्या वासाने दुपारभर घसा कडू.

हे दोन बोटांचं अंतर दादांनी
चाळीस वर्षं हातांनी भरून काढलं.
रस्ता सरळ असला तरी त्यांचे हात
जरा इकडे, जरा तिकडे,
ताक घुसळल्यासारखे.
लहानपणी मला वाटायचं गाडी चालवणं म्हणजे हेच:
सरळ जायचं तर हलत राहायचं.

आता त्यांचा उजवा खांदा वर जात नाही.
गाडी माझ्याकडे आली,
आणि नौपाड्याच्या गल्लीत ती वळवताना
माझे दंड भरून येतात, दळण दळल्यासारखे.
जुन्या बॉक्समध्ये एक वर्म, त्यावर एक रोलर.
परेरा त्याला किडा म्हणतो.
किडा तेल प्यायचा आणि फरशीवर ओकायचा.

रॅक मिळाली शिळफाट्याच्या भंगारात,
साडेतीन हजार, रबराचे बूट फाटलेले.
दात्यांची एक सरळ पट्टी, तिच्यावर एक इवलं गियर.
बस.
मध्ये निरोप पोचवणारं कुणी नाही.

दादा रिक्षाने आले. स्टुलावर बसले, छत्री मांडीवर.
'कुठल्या गाडीची?'
'मारुतीची.'
'मारुतीची,' ते म्हणाले,
स्थळाचं घराणं ऐकून म्हणावं तसं.

परेरा दोरा ताणून बसला.
पाव इंच वरखाली झालं
तर खड्ड्यात गाडी आपल्या मनाने वळेल, म्हणाला,
आणि खड्डे काय, तुमच्या ठाण्यात!
(परेराही ठाण्याचाच, उथळसरचा. पण खड्डे तुमचे.)
कळव्याच्या तुळशीराम कडूने ब्रॅकेट
तीनदा कापला, तीनदा जोडला.
चौथ्यांदा परेरा काही बोलला नाही,
म्हणजे जमलं.

पहिली ट्रायल, जॅकवर.
मी उजवीकडे फिरवलं,
चाकं डावीकडे गेली.
डावीकडे फिरवलं,
उजवीकडे.
ॲक्सलमागची रॅक पुढे बसवली की असंच होतं, म्हणे.
हे म्हणे आधी कुणी म्हणालं नव्हतं.
दादा स्टुलावर इतके हसले की ठसका लागला,
कडूने पाणी आणलं, तोही हसत होता,
परेरा एकटा स्पॅनरकडे बघत राहिला
जणू तोच फितूर झालाय.

रॅक पालथी करून बसवायला आणखी दोन रविवार गेले.

मग घोडबंदर रोड, पहाटेचे सहा.
गाडीने ऐकलं. लगेच.
मी अजून ठरवतेय तोवर ती तिकडे.
पण माझे हात,
त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं,
जरा इकडे, जरा तिकडे,
आणि फियाट अख्ख्या रस्त्यावर झिंगल्यासारखी.
मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या आईचा उद्धार केला.

दादांनी चांगला हात, डावा, आडवा आणून
माझ्या मनगटावर ठेवला.
'नको हलवूस,' म्हणाले.
'आता तिला ऐकू येतं.'

मानपाड्याच्या सिग्नलला बघितलं,
हात परत त्यांच्या मांडीवर होता
आणि त्याची दोन बोटं
थांबलेली गाडी सरळ ठेवत होती.

जुना बॉक्स डिकीत आहे.
परेरा म्हणाला भंगारात द्या, दीडशे येतील.
मी हो म्हटलं.
अजून गळतो.
खालचा पेपर मी दर शनिवारी बदलते.